उचल, फड आणि बेकारीचं गणित

जुलै 2018 ते जून 2019 या वर्षात देशातल्या बेकारीचं प्रमाण 5.8 टक्के होतं. पुढच्या वर्षी ते 4.8 वर आलं आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे जुलै 2020 ते जून 2021 या वर्षी 4.2 वर. हे आकडे सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आहेत आणि ते कुणी बनवून लिहिलेले नाहीत. याच काळात, 25 मार्च 2020 पासून, देश बंद होता. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी आकसलं. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले 16 मजूर 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. आणि वर्षाच्या हिशेबात बेकारी घटली.

हे कसं घडलं ते बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावातून पाहिलं की लवकर उमगतं. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात हे गाव लागतं. भालचंद्र गणपतीच्या मंदिरामुळे लांबलांबचे लोक त्याला ओळखतात. या पट्ट्यातली जमीन बरीचशी हलकी, मुरमाड, आणि पाऊस बेभरवशाचा. टाळेबंदीत पुण्यातल्या, चाकणच्या कामांवरून इथली पोरं परत आली ती बापाच्या दोन-तीन एकरांत. ज्या रानात दोघांचं काम चौघं करत होती, तिथं सहा जण राबू लागले. सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे घरच्या शेतीत मोबदल्याशिवाय हातभार लावणारा माणूस रोजगारात धरला जातो. म्हणून शहरात बेकार झालेला माणूस गावी पोहोचला की आकड्यांत पुन्हा कामाला लागला. त्याच सर्वेक्षणात शेतीवरच्या माणसांचा वाटा 42.5 टक्क्यांवरून दोन वर्षांत 46.5 वर गेला. जगभर शेतीतून माणसं बाहेर पडतात आणि त्यालाच प्रगती म्हणतात, इथं ती उलटी फिरली. शहरांपुरतं आणि आठवड्याच्या हिशेबानं मोजलं तेव्हा एप्रिल ते जून 2020 मधली बेकारी सुमारे 21 टक्के भरली. खाजगी संस्थेच्या, सीएमआयईच्या, मोजणीत एप्रिलचा आकडा 23.5 होता. फरक फक्त मोजण्याच्या रीतीचा नाही. प्रत्येक रीतीच्या मागे बेकार कोणाला म्हणायचं याबद्दलची एक समजूत उभी असते.

मुंबई विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 1970 मध्येच सांगून ठेवलं होतं की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढून उपयोग नाही. जो स्वतःच्या शेतात, घरच्या माणसांसोबत, वर्षातले काही महिने राबतो, त्याचं काम आणि त्याचं बेकारपण एकमेकांत मिसळलेलं असतं. माझं म्हणणं याच्याही एक पाऊल पुढचं आहे. बेकार म्हणून मोजलं जायलाही ऐपत लागते. काम मिळेपर्यंत थांबायची, पडेल त्या दराला नाही म्हणायची सोय ज्याच्याकडे आहे, तोच बेकार राहू शकतो. ज्याच्याकडे ती नाही तो काहीतरी करतोच. बेकारीचे मुख्य सिद्धांत ही थांबायची ताकद सगळ्यांकडे सारखी आहे असं मुकाट्यानं धरून चालतात, आणि दर मोठ्या संकटात नेमकी तीच गोष्ट उघडी पडते.

सिद्धांत तसा साधा आहे. बाजारात कांदा जास्त आला की भाव पडतो, भाव पडला की उचल वाढते आणि ढीग संपतो. श्रमाचंही तसंच. मजूर जास्त आणि काम कमी असेल तर मजुरी खाली यावी, स्वस्त झालेले मजूर मालकांनी जास्त घ्यावेत, आणि शेवटी काम मागणारा प्रत्येकजण कामाला लागावा. तरीही कोणी बसून राहिला तर तो त्या दराला राजी नाही, किंवा संघटनेनं नाहीतर कायद्यानं दर खाली येऊ दिला नाही, एवढाच अर्थ. सरकारनं मध्ये पडू नये हा निष्कर्ष यातूनच निघतो. या मांडणीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ती कुठे चालते आणि कुठे अडते हे आपल्या मुलखात आणि बाहेरही चार वेळा तपासलं गेलं आहे.

पहिली तपासणी 1876 ते 78 च्या दुष्काळात झाली. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, पण शेजारचे नगर आणि सोलापूर हे जिल्हे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि दुष्काळाला सरहद्द नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारचं धोरण होतं की धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही, भाव चढले की धान्य आपोआप दुष्काळी भागाकडे येईल. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपलनं तीनच वर्षांपूर्वी बिहारमध्ये धान्य आयात करून माणसं जगवली होती आणि फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली होती. आता त्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणला. मजुरी जास्त ठेवली तर गरज नसलेलेही कामावर येतील, हा त्यामागचा तर्क. 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावरचे हजारो लोक तो रोज नाकारून काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकारानं, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडली. ते कागद आज वाचताना जाणवतं की आकडेवारीनं भांडण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे. भाव चढूनही धान्य आलं नाही. भाव देणारं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, आणि देशातून धान्य बाहेर जातच राहिलं, कारण पैसे मोजणारा तिकडे होता.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, त्याची पार्श्वभूमी ही. माणूस केवळ स्वतःचा फायदा पाहतो, श्रम आणि भांडवल हवं तिथे सहज जाऊ शकतं, मजुरी करारानं आणि स्पर्धेनं ठरते, अशी इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतं त्यांनी एकेक करून समोर ठेवली आणि म्हटलं की आपल्याकडे यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. इथं दर रूढी ठरवते, माणूस जातीनं आणि गावानं बांधलेला असतो. सिद्धांत चुकीचा आहे असं ते म्हणाले नाहीत. तो कुठल्या देशकाळात उगवला ते विचारा, असं म्हणाले. सव्वाशेहून जास्त वर्षांनीही आपल्या कॉलेजांत अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला हे व्याख्यान शिकवलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच वाटेनं पुढे 1918 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध आला. त्या काळी सगळे सांगत होते की तुकडे जोडा, जमिनी मोठ्या करा, शेती सुधारेल. आंबेडकरांनी विचारलं, जमिनीवर इतकी माणसं का दाटली आहेत? दुसरीकडे काम नाही म्हणून. शेतीत राबताना दिसणारी ही माणसं खरं म्हणजे रिकामी आहेत, खातात पण उत्पन्नात भर घालू शकत नाहीत, आणि त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय तुकडे जोडून काही होणार नाही. आर्थर लुईस यांचा अतिरिक्त श्रमाचा प्रसिद्ध लेख 1954 चा आणि त्याच विषयाला धरून असलेल्या कामासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं. आंबेडकरांचा निबंध त्याच्या 36 वर्षं आधीचा आहे. टाळेबंदीनंतर शेतीवरची माणसं का वाढली याचं उत्तर त्या निबंधात आहे.

दुसरी तपासणी जगाची आणि आपली एकदमच झाली. 1929 नंतर अमेरिकेत दर चौघांतला एक कामगार बेकार झाला. केंब्रिजच्या पिगू यांनी 1933 मध्ये बेकारीवर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा तोच जुना: मजुरी लवचिक असती तर हे टळलं असतं. तीनच वर्षांनी केन्सनी त्याला उत्तर दिलं. मजुरी हा मालकाचा खर्च असतो तसंच ते कुणाच्या तरी दुकानातलं गिऱ्हाईक असतं. एका कारखान्यानं मजुरी कापली तर त्याचा फायदा होईल, सगळ्यांनीच कापली तर माल घेणारं कोणी उरणार नाही. हे समजायला बीड जिल्ह्यातल्या माणसाला केन्स वाचावा लागत नाही. दुष्काळी वर्षी आठवडी बाजारात जो सन्नाटा असतो तो त्यानं पाहिलेला असतो. शेतकऱ्याचं पीक जातं, मग मजुराचा रोज जातो, मग शिंप्याची, चहावाल्याची, कापडवाल्याची विक्री जाते. त्यातल्या कोणीही आपला दर कमी करून दुसऱ्याचं काम परत आणू शकत नाही.

महामंदीत आपल्याकडे शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र रुपयांत ठरलेलं, ते हललं नाही. 1931 च्या अखेरीपासून देशातून सोनं बाहेर वाहू लागलं आणि त्यात शेतकऱ्यांच्या घरातले डागही होते. कोणत्याही खात्यात या माणसांची बेकार म्हणून नोंद नाही. त्यांनी बेकारी बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून भरली. मुक्त बाजाराच्या बाजूनं याचंही एक गंभीर उत्तर आहे, ते नोंदवायला हवं. मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी 1963 मध्ये दाखवलं की 1929 ते 33 या काळात अमेरिकेतला पैसाच एक तृतीयांशानं आटला आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं तो आटू दिला. दोष बाजाराचा नव्हता, पैशाच्या कारभाऱ्यांचा होता. हे बरंचसं पटतं. पण पैसा आटल्यावर बाजार स्वतःहून सावरत नाही, कोणीतरी तो पुन्हा सोडावा लागतो, एवढं तर त्यातही मान्य करावं लागतं.

तिसऱ्या तपासणीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण ती महाराष्ट्राची स्वतःची आहे. 1970 पासून लागोपाठ पाऊस कमी झाला आणि 1972 ला पुरता दगा दिला. मराठवाड्यात आजही माणसं वय सांगताना बहात्तरच्या आधीचा की नंतरचा हे सांगतात. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबांध, हे शब्द त्या काळाचे. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा 5 कोटींच्या आसपास. म्हणजे म्हाताऱ्या-पोरांसकट दहातला एकजण सरकारी कामावर. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला. राज्यातलं धान्याचं उत्पादन इतकं कोसळलं होतं की जुन्या हिशेबानं फार मोठी मनुष्यहानी व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही. रेशनचं धान्य तर गरजेला फारच थोडं पडत होतं.

मग माणसं जगली कशी? मजुरी रोख मिळत होती. हातात पैसा आहे असं दिसल्यावर खाजगी व्यापारी धान्य घेऊन आले, आंतरराज्य वाहतुकीवर बंदी असतानाही आले. हा तपशील मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना गप्प करतो. बाजारानं काम केलं, हे खरं. 1877 मध्ये ज्या बाजाराची वाट पाहत लोक मेले, तोच बाजार 1973 मध्ये आला. मधल्या काळात व्यापाऱ्याचा स्वभाव बदलला नव्हता, मजुराच्या हातात रुपये पडले होते. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात दुष्काळमृत्यूंचं कारण धान्याच्या टंचाईपेक्षा धान्यावरचा हक्क गमावण्यात शोधलं. त्या विचाराचा पडताळा बालाघाटातल्या खडी फोडणाऱ्यांनी आधीच दिलेला होता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगलीच्या तासगाव भागात छोट्या प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमी याच दुष्काळात राज्यभर आली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, तो अजून पगारातून कापला जातो. काम मागेल त्याला काम, ते दिलं नाही तर बेकारी भत्ता. तारखांचा एक योग पाहा. फ्रीडमन यांनी नैसर्गिक बेकारीचा सिद्धांत 1968 मध्ये छापला: प्रत्येक अर्थव्यवस्थेला बेकारीची एक आपली पातळी असते, सरकारनं तिच्या खाली नेऊ पाहिलं तर फक्त महागाई वाढते. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, महागाई आणि बेकारी एकदम वाढली आणि पाश्चात्त्य विद्यापीठांनी केन्स बाजूला ठेवला. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्र लाखो हातांना कामाला लावून उपासमार थोपवत होता. दोन्हींचा एकमेकांशी संवाद झाला नाही.

हमीची पुढची गोष्ट तितकी उजळ नाही. 1988 मध्ये शेतमजुरीचे किमान दर जवळपास दुप्पट झाले आणि हमीचा दर त्यांना बांधलेला असल्यानं तोही वाढला. पुस्तकाप्रमाणे कामावरची हजेरी वाढायला हवी होती. ती घटली. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी तपासलं तेव्हा दिसलं की खर्च आवरण्यासाठी कामंच कमी निघाली, मागणारे होते पण त्यांना काम मिळत नव्हतं. हमी कागदावर राहिली. पोलंडचे अर्थतज्ज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी 1943 मध्ये लिहिलं होतं की पूर्ण रोजगार कसा आणायचा हे आता माहीत झालं आहे, अडचण राजकीय आहे, कारण बेकारीची भीती गेली की कामगारावरचा मालकाचा वचक जातो. गावातल्या बागायतदाराच्या तोंडचं वाक्य वेगळं असतं, ‘रोहयोमुळे मजूर मिळत नाहीत’, पण दुखणं तेच.

खरंच मिळत नाहीत का? 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर यावर चांगलं संशोधन झालं. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की हमीची मजुरी वेळेवर आणि नीट मिळू लागली तेव्हा खाजगी मजुरीही वाढली, आणि खाजगी रोजगार घटला नाही, उलट वाढला. साध्या सिद्धांतात हे बसत नाही. ते बसतं जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये मांडलेल्या चित्रात: श्रम विकत घेणारे मोजके, विकणारे असंख्य, आणि म्हणून दर मुळातच दाबलेला. दाबलेला दर वर आला की कामावर येणारे वाढतात. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतल्या उपाहारगृहांत किमान वेतन वाढूनही नोकऱ्या घटल्या नाहीत हे 1994 मध्ये दाखवलं, त्यावर वादळ उठलं, आणि कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं. तिकडे जे सिद्ध करायला वादळ सोसावं लागलं, ते ऊसतोडीच्या फडात कोणालाही दिसतं.

बीड जिल्ह्याचा खरा श्रमबाजार फडातच आहे. दसरा झाला की इथून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, थेट बेळगावपर्यंत. ती परततात पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे मुकादमाकडून आधी मिळतात, त्याला उचल म्हणतात, आणि काम नंतर फेडायचं. तोडणीचा दर जानेवारी 2024 च्या करारात 34 टक्के वाढला, टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 वर. आता हिशेब करून पाहा. एका कोयत्यानं लाखभर उचल घेतली तर ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर 137 दिवस. यात आठवड्याची खर्ची धरलेली नाही, एकही आजारपण नाही, एकही खाडा नाही. ऊस कमी असला आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर 73 हजार फिटतात, बाकी 27 हजार अंगावर घेऊनच गावी यायचं. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं तेव्हाच ठरून जातं.

सिद्धांत सांगतो की दर पडला तर माणूस काम कमी करील, दुसरीकडे बघेल. फडात दर पडला की तेच देणं फेडायला जास्त दिवस तोडावं लागतं. आणि दर पाडला म्हणून जास्त कोयते लागतात असंही नाही. उभा ऊस जेवढा, तेवढेच कोयते. दुष्काळात ऊस घटतो आणि रानात काम नाही म्हणून कोयते मात्र वाढतात. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा इथं एकमेकींना भेटतात ते कर्जाच्या वहीत.

आता साखरेची सगळी साखळी डोळ्यांसमोर आणा. दोन कारखान्यांमधलं अंतर किती असावं ते सरकार ठरवतं, महाराष्ट्रात 25 किलोमीटर. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र जाहीर करतं, 2024-25 साठी क्विंटलला 340 रुपये. साखरेचा किमान विक्री दर 2018 पासून ठरलेला आहे. इथेनॉलची किंमत केंद्र ठरवतं. मुळात सहकारी साखर कारखानदारीच, जी 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभी केली, ती सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या तावडीत शेतकरी एकटा पडू नये म्हणून. ते थोर काम होतं. पण या साखळीत कायद्यानं हमी दिलेला दर सगळ्यांना आहे आणि कोयत्याला नाही. त्याचा दर संप, लवाद आणि पुढाऱ्यांच्या बैठका यांतून काही वर्षांनी एकदा ठरतो. यंत्रानं ऊस तोडला तर टनाला याहून जास्त पैसे मोजले जातात, हा कामगार संघटनांचा मुद्दा दर वाटाघाटीत येतो.

कामाचा खाडा झाला की दंड बसतो, आणि तो चुकवण्याची किंमत अंगावर निघते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक आहेत, त्यात खाजगी दवाखान्यांचा लोभही आहे आणि शेतात आडोसा-पाणी नसणंही. पण पाळीचे दिवस हे खाड्याचे दिवस, हा हिशेब त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे. श्रमबाजाराच्या कुठल्याही आलेखावर ही रेघ काढलेली मी पाहिलेली नाही.

मुक्त बाजाराची बाजू मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे मांडली ती शरद जोशींनी. 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचं सांगणं एकच होतं: सरकार निर्यातबंदी करून, लेव्ही लावून शेतमालाचे भाव पाडतं, शेतीला मिळते ती उणे सबसिडी, आणि खेड्यातलं दारिद्र्य तिथून येतं. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या, मजुरालाही त्यातून दाम मिळेल. कांद्यावर दर काही वर्षांनी येणारी निर्यातबंदी पाहिली की त्यांचं म्हणणं नाकारता येत नाही. पहिल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. दुसऱ्या अर्ध्याशी नाही. ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला स्वातंत्र्य दिलं तर तो थांबू शकतो, चाळीत कांदा ठेवू शकतो. श्रम चाळीत ठेवता येत नाही. आजचा दिवस गेला की गेला, आणि उचल घेतलेल्या माणसानं तर पुढचे पाच महिने आधीच विकलेले असतात.

चौथी तपासणी 2008 ची. पाच वर्षं आधी रॉबर्ट ल्यूकस यांनी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांसमोर सांगितलं होतं की मंदी रोखण्याचा मूळ प्रश्न सुटलेला आहे. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्या विचारात खोट निघाल्याचं कबूल केलं. पण सिद्धांताची खरी परीक्षा ग्रीसमध्ये झाली. कर्जाच्या अटींखाली फेब्रुवारी 2012 मध्ये तिथलं किमान वेतन 22 टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्यांचं 32 टक्क्यांनी. मजुरी खाली आली की रोजगार वाढतो म्हणतात, तो प्रयोग आख्ख्या देशावर झाला. 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांपलीकडे गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच ऑलिव्हिए ब्लँशार आणि डॅनियल ली यांनी त्या वर्षी लिहिलं की खर्चकपातीनं मागणी किती बुडते याचा अंदाज कमी धरला गेला होता. ग्रीसनं कर्ज घेतलं होतं, आणि कर्ज देणाऱ्यानं मजुरीचा दर ठरवला. हे वाचताना मला मुकादमाची वही आठवली.

2020 च्या एप्रिलमध्ये कारखान्यांच्या परिसरात, खोप्यांमध्ये, बीडचे ऊसतोड कामगार अडकून पडले होते. साखर अत्यावश्यक म्हणून गाळप चालू ठेवलं गेलं, पण हंगाम संपत आला तरी घरी जायला जिल्ह्यांच्या सीमा बंद. राज्य सरकारनं एप्रिलच्या मध्यात तपासणी करून त्यांना परतायची मुभा दिली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती माणसं पुन्हा निघाली, आधीपेक्षा जास्त निघाली असतील तर नवल नाही, कारण चाकणहून परतलेल्या भावाचाही कोयता झाला होता.

हे सगळं ज्या काळात ठरतं तो आषाढ-श्रावणाचा असतो. पेरणीत होतं नव्हतं ते मातीत गेलेलं, शाळा उघडलेल्या, पोळा तोंडावर. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 4 भरून काम मागायचं, पोच मागून घ्यायची, पंधरा दिवसांत काम निघायला हवं असा कायदा. पावसाळ्यात मातीकाम कुठलं काढायचं म्हणून बहुतेकदा ते निघत नाही, फळबागेचे खड्डे किंवा झाडं लावायचं काम निघालं तर निघतं, आणि मजुरी खात्यावर यायला आणखी थांबावं लागतं. मुकादम त्याच आठवड्यात संध्याकाळी दारात येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि रोख मोजून देतो.